डोव्हरच्या सामुद्रधुनीत पाच नॉटची होडी

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली डोव्हरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद आहे. हवा स्वच्छ असली की एका काठावरून दुसरा काठ दिसतो. एवढ्याशा फटीतून दिवसाला चारशेहून अधिक मोठी जहाजं जातात. रॉटरडॅम, अँटवर्प, हॅम्बुर्ग या बंदरांचा अटलांटिकशी चालणारा जवळजवळ सगळा व्यवहार इथूनच होतो. त्यांच्या वाटेला आडव्या छेदत डोव्हर-कॅले फेरीबोटी दिवसरात्र धावतात. आणि उन्हाळा आला की याच गर्दीत दहा-बारा मीटर लांबीच्या शिडाच्या याट शिरतात. कोणी फ्रान्समध्ये जेवायला निघालेलं असतं, कोणी भूमध्य समुद्राकडे.

याटचा वेग साधारण पाच नॉट, म्हणजे तासाला नऊ किलोमीटर. मुंबईच्या फुटपाथवरून सायकलवाला याहून जोरात जातो. समोरून येणारं कंटेनर जहाज अठरा नॉटनं, म्हणजे तासाला ३३ किलोमीटरनं येतं. ते थांबवायचं म्हटलं तर काही किलोमीटर जातात. या दोन वेगांच्या तफावतीतच सगळी गोम आहे. जहाज क्षितिजावर काडीएवढं दिसतं तेव्हा ते अजून लांब आहे असं वाटतं, आणि वीस मिनिटांत ते डोक्यावर असतं.

या सामुद्रधुनीत मोठ्या जहाजांसाठी जाण्याचा आणि येण्याचा असे दोन वेगळे पट्टे आखलेले आहेत. मध्ये विभाजक पट्टा आहे. समुद्रावर उजवीकडून चालायचं असतं, त्यामुळे नैर्ऋत्येला अटलांटिककडे निघालेली जहाजं इंग्लंडच्या बाजूनं जातात आणि ईशान्येला उत्तर समुद्राकडे जाणारी फ्रान्सच्या बाजूनं. ही आखणी १९६७ साली झाली. जगातली या प्रकारची ती पहिली. पण तेव्हा ती ऐच्छिक होती, आणि ऐच्छिक नियमाचं जे व्हायचं तेच झालं. ११ जानेवारी १९७१ च्या पहाटे पेरूचं ‘पाराकास’ हे मालवाहू जहाज जवळच्या वाटेनं, इंग्लंडच्या किनाऱ्यालगत उलट दिशेनं आलं आणि ‘टेक्साको कॅरिबियन’ या टँकरवर आदळलं. टँकरचा स्फोट होऊन तो बुडाला. दुसऱ्याच दिवशी ‘ब्रँडेनबुर्ग’ हे जर्मन जहाज त्या बुडालेल्या सांगाड्यावर आपटून बुडालं. मग त्या जागेभोवती खुणेचे दिवे लावले. ते दिवे जळत असतानाच फेब्रुवारीअखेर ‘निकी’ हे ग्रीक जहाज सरळ त्यांच्यामधून घुसलं आणि सगळ्या खलाशांसह तळाला गेलं. दीड-पावणेदोन महिन्यांत एकाच ठिकाणी हे सगळं घडलं. त्यानंतर पट्ट्यांचं पालन सक्तीचं झालं आणि १९७२ पासून किनाऱ्यावरच्या रडारनं या वाहतुकीवर लक्ष ठेवायला सुरुवात झाली. आज इंग्लंडच्या बाजूनं डोव्हर कोस्टगार्ड आणि फ्रान्सच्या बाजूनं ग्री-ने इथलं केंद्र हे काम मिळून करतात.

याच सुमाराला, १९७२ साली, समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम नव्यानं लिहिले गेले आणि १९७७ पासून ते लागू झाले. त्यातला दहावा नियम अशा पट्ट्यांबद्दल आहे. पट्टा ओलांडणं शक्यतो टाळा, आणि ओलांडायचाच असेल तर वाहतुकीच्या दिशेला होता होईल तो काटकोनात ओलांडा, असं तो सांगतो. त्यातलं आणखी एक कलम याटवाल्यांच्या जिव्हारी लागणारं आहे: शिडावर चालणाऱ्या किंवा वीस मीटरपेक्षा लहान नौकेनं पट्ट्यातून चाललेल्या यांत्रिक जहाजाच्या सुरक्षित वाटचालीत अडथळा आणू नये. खुल्या समुद्रात इंजिनच्या जहाजानं शिडाच्या नौकेला वाट द्यायची असते, हे हौशी खलाशाला तोंडपाठ असतं. त्याच्या भरवशावर तो डोव्हरच्या पट्ट्यात शिरला तर मात्र त्याची गाठ या कलमाशी पडते.

काटकोनाबद्दल एक बारकावा आहे. नियमाला होडीच्या तोंडाची दिशा काटकोनात हवी आहे, तिची नकाशावरची प्रत्यक्ष वाट नव्हे. इथे भरती-ओहोटीचा प्रवाह उधाणाच्या दिवसांत साडेतीन नॉटच्या आसपास जातो. पाच नॉटच्या होडीला तो चांगलाच बाजूला ढकलतो. होडी नाक सरळ फ्रान्सकडे धरून असते आणि नकाशावर तिचा माग तिरका, प्रवाह फिरला की वाकडा होत जातो. इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्यांच्या नकाशांवर जो नागमोडी माग दिसतो तो याच प्रवाहामुळे. ‘ओशन्स सेव्हन’ ही सात सामुद्रधुन्या पोहण्याची मालिका पूर्ण करणारा पुण्याचा रोहन मोरे असो की दुसरा कुणी, सोबतच्या बोटीचा चालक त्यांना प्रवाहाशी झुंजायला लावत नाही. होडीनंही झुंजू नये. प्रवाह कापून नकाशावरची रेघ सरळ ठेवण्याच्या नादात तोंड तिरकं केलं की पट्ट्यातला मुक्काम लांबतो, आणि नियमाचा सगळा रोख तो मुक्काम कमीत कमी करण्यावर आहे.

आता समोर जहाज आलं. ते आपल्यावर येतंय की नाही हे ओळखायची जुनी रीत साधी आहे. हातातल्या होकायंत्रानं जहाजाची दिशा मोजायची, दोन मिनिटांनी पुन्हा मोजायची. अंतर कमी होतंय आणि दिशा बदलत नाही, म्हणजे टक्कर ठरलेली. ही रीत नियमांत लिहिलेली आहे आणि ती कधीच जुनी होणार नाही. पण लाटांवर डुलणाऱ्या छोट्या होडीत होकायंत्राचा काटा पाच-पाच अंश इकडेतिकडे हलत असतो. पुढे एक उदाहरण आहे त्यात कळेल, की जहाज लांब असताना वाचणं आणि बुडणं यांत फरक दीड अंशाचाही असू शकतो.

इथे एआयएस, म्हणजे स्वयंचलित ओळख यंत्रणा उपयोगाला येते. मोठ्या जहाजांवर एक छोटं रेडिओयंत्र बसवलेलं असतं. ते उपग्रहावरून मिळालेली आपली जागा, जमिनीच्या संदर्भातला वेग आणि दिशा, आणि सोबत जहाजाचा नऊ आकडी क्रमांक ठरावीक वेळानं हवेत सोडत राहतं. नाव, लांबी-रुंदी, गंतव्य बंदर अशी माहिती दर सहा मिनिटांनी जाते. हे सगळं व्हीएचएफच्या दोन वाहिन्यांवर चालतं. ३०० टनांवरच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजांवर आणि सगळ्या प्रवासी जहाजांवर ते २००४ अखेरपर्यंत सक्तीचं झालं.

शेकडो जहाजं एकाच वाहिनीवर एकाच वेळी बोलू लागली तर नुसता गोंधळ व्हायला हवा. तो होत नाही याचं श्रेय मोठ्या प्रमाणात हॉकन लान्स या स्वीडिश संशोधकाच्या कल्पनेला जातं. दर मिनिटाचे प्रत्येक वाहिनीवर २२५० तुकडे केलेले असतात आणि एक संदेश सहसा एका तुकड्यात मावतो. वाटप करायला कुणी मधला अधिकारी नसतो. प्रत्येक यंत्र इतरांचं ऐकतं, मोकळा तुकडा हेरतं आणि आत्ताच्या संदेशातच ‘पुढच्या वेळी मी अमुक तुकड्यात बोलणार’ असं सांगून टाकतं. एसटीच्या खिडकीतून बाकावर रुमाल टाकून जागा धरण्याचाच हा प्रकार, फक्त इथे सगळे रुमालाचा मान राखतात. मोठ्या जहाजांची यंत्रं, ज्यांना क्लास ए म्हणतात, साडेबारा वॉटनं बोलतात आणि रुमाल टाकतात. याटवर असतं ते क्लास बी. त्यातला साधा प्रकार दोन वॉटचा. तो जागा धरत नाही, रिकामी दिसली तर बसतो, नाहीतर थांबतो. गर्दीच्या पाण्यात हा भेद जाणवतो.

वेळेतही फरक आहे. अठरा नॉटनं चाललेलं जहाज दर सहा सेकंदांनी आपली जागा सांगतं, वळताना दोन सेकंदांनी. साध्या क्लास बीची याट अर्ध्या मिनिटाला एकदा. म्हणजे आपल्याला जहाज जवळजवळ आत्ताचं दिसतं, जहाजाला आपण अर्ध्या मिनिटापूर्वीचे दिसू शकतो.

मिळालेल्या माहितीवरून याटवरचा नकाशा-पडदा, ज्याला प्लॉटर म्हणतात, दोन आकडे काढतो. दोघंही आहेत त्याच वेगानं आणि दिशेनं चालत राहिले तर एकमेकांच्या जास्तीत जास्त किती जवळ येतील, हा पहिला. खलाशी त्याला सीपीए म्हणतात. आणि ती वेळ किती मिनिटांनी येईल, हा दुसरा, तो टीसीपीए. पट्टा ओलांडायचं सगळं गणित या दोन आकड्यांवर चालतं, म्हणून ते एकदा हातानं करून बघावं.

आपण डोव्हर सोडून पहिल्या पट्ट्यात आहोत. जहाजं डावीकडून येताहेत. त्यातलं एक, समजा ३६६ मीटर लांबीचं, अठरा नॉटनं येतंय. आपला मार्ग आणि त्याचा मार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या बिंदूपासून ते सहा सागरी मैलांवर आहे, आपण दीड मैलावर. आपला वेग पाच नॉट. प्लॉटर सांगतो: सीपीए ०.१६ मैल, टीसीपीए २० मिनिटं. म्हणजे वीस मिनिटांनी ते आपल्या पाठीमागून सुमारे तीनशे मीटरवरून जाईल. आपण त्याच्या नाळेसमोरून, म्हणजे पुढच्या टोकासमोरून, निसटलेले असू.

तीनशे मीटर. समुद्रावर ते फार नाही, पण वाचलो म्हणायला हरकत नाही, असं वाटतं. आता वारा किंचित पडला आणि वेग पाचाचा साडेचार झाला. वीस मिनिटांत आपण बरोबर दीड मैल जातो. जहाज वीस मिनिटांत बरोबर सहा मैल. सीपीए शून्य. अर्ध्या नॉटचा फरक शिडाच्या होडीला वाऱ्याच्या एका झुळुकीनं पडतो, कधी चहा करायला कोणी खाली गेलं आणि सुकाणूवर नवखा माणूस बसला तरी पडतो. होकायंत्रानं मोजत बसलो असतो तर पाच नॉटच्या उदाहरणात पहिल्या दहा मिनिटांत जहाजाची दिशा जेमतेम दीड अंशानं हलली असती. डुलत्या होडीत तो फरक दिसणं अशक्य. यंत्राला तो दिसतो, ही त्याची थोरवी. पण त्याच यंत्रानं दिलेला ०.१६ हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत खरा मानणं हा भाबडेपणा आहे. पडद्यावर तो आकडा ०.१६, ०.०९, ०.२१ असा नाचत राहतो, कारण लाटांवर आपलाच वेग आणि दिशा नाचत असते.

अजून एक खोच आहे. जहाज सांगतं ती जागा त्याच्या उपग्रह-अँटेनाची असते. अँटेना ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षावर, आणि ब्रिज मागच्या बाजूला असेल तर नाळ तिच्यापुढे तीनशे मीटर असू शकते. वरच्या उदाहरणात अँटेनापासून तीनशे मीटर लांब राहणारी होडी प्रत्यक्ष लोखंडापासून सुमारे दोनशे मीटरवर असते. अँटेना नाळेपासून किती मागे आहे हेही जहाज कळवत असतं, पण पुष्कळसे छोटे प्लॉटर ते गणितात धरत नाहीत. आणि नुसता सीपीए बघितला तर आपण पुढून जाणार की मागून, हेही कळत नाही. पुढून पाव मैल आणि मागून पाव मैल यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. मागून जाताना अंदाज चुकला तर फार तर जहाजाच्या पाण्याचे हेलकावे बसतात.

म्हणून मुरलेले स्किपर, म्हणजे याटचे कप्तान, ०.१६ दिसल्यावर ‘जमेल’ म्हणत नाहीत. ते जहाजाच्या पिछाडीकडे तोंड वळवतात. आणि इथे वेळेची खरी किंमत कळते. साडेचार नॉटच्या उदाहरणात, टक्कर वीस मिनिटांवर असताना डावीकडे चाळीस अंश वळलो तर जहाजापासून अर्धा मैल लांब राहतो. दहा मिनिटं थांबून तेच वळण घेतलं तर पाव मैल. पाच मिनिटं उरली असताना घेतलं तर मैलाचा आठवा हिस्सा, सव्वादोनशे मीटरच्या आसपास, आणि तेही अँटेनापासून. वळण तेच, मेहनत तीच. फक्त उरलेली वेळ निम्मी झाली की अंतरही निम्मं होतं. एआयएस नसताना वीस मिनिटं आधी वळायचं की नाही हे ठरवायला आधार नसे. माझ्या मते या यंत्रानं याटवाल्यांना दिलेली एकमेव मोठी गोष्ट ती वीस मिनिटं आहेत. बाकी नाव, झेंडा, गंतव्य हे सगळं मनोरंजन.

उशिरा वळण्यात आणखी एक धोका दडलेला आहे. जहाजानंही आपल्याला पाहिलं आणि आपल्या मागून जायचं म्हणून उजवीकडे वळलं, तर ते नेमकं आपण जिकडे वळलो तिकडेच येतं. दोघं एकमेकांना वाट देता देता पुन्हा समोरासमोर. वीस मिनिटं आधी जहाजाच्या अधिकाऱ्यानं अजून काही ठरवलेलं नसतं. आठ मिनिटांवर त्यानं ठरवलेलं असू शकतं. वाऱ्यामुळे डावीकडे वळता येत नसेल तर शीड सैल सोडून वेग मारायचा, किंवा इंजिन चालू करायचं. पट्टा ओलांडताना वारा पडला की इंजिन सुरू करण्यात कसला आलाय कमीपणा! मात्र इंजिन सुरू झालं की आपण शिडाची नौका उरत नाही, हे ध्यानात ठेवावं. दुसऱ्या पट्ट्यात जहाजं उजवीकडून येतात, आणि इंजिनावरच्या नौकेनं उजवीकडच्याला वाट द्यायची हा तर सर्वसाधारण नियमच आहे.

इतरांना पाहणं हे अर्धं काम झालं. आपण दिसणं हे उरलेलं. ऑगस्ट २००६ मध्ये ‘ऊझो’ नावाची छोटी याट आइल ऑफ वाइटच्या दक्षिणेला रात्री बेपत्ता झाली. तिच्यावरचे तिघंही मृत सापडले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेनं निष्कर्ष काढला, की ‘प्राइड ऑफ बिल्बाओ’ ही प्रवासी फेरीबोट एकतर तिला धडकली होती किंवा इतकी जवळून गेली होती की तिच्या लाटेनं याट उलटली. फेरीबोटीवर पहारा होता, रडार होतं. पण फायबरग्लासची छोटी होडी रडारवर फारशी उमटत नाही, आणि डोलकाठीला टांगलेला रडार-परावर्तक नावापुरता होता. टेहळणी करणाऱ्याच्या चष्म्याच्या काचा प्रकाशानुसार रंग बदलणाऱ्या होत्या, त्या अंधारातही थोडा प्रकाश अडवतात, हेही अहवालात आलं. छोट्या नौकांसाठीच्या क्लास बीचं तांत्रिक मानक त्याच वर्षी आलं होतं. याटवर असली यंत्रं तेव्हा जवळजवळ नव्हतीच. आज क्लास बी असलेली याट जहाजाच्या पडद्यावर त्रिकोण म्हणून उमटते, नावासकट. पण जहाजावरच्या पडद्यांवर क्लास बीचे त्रिकोण लपवायची सोय असते, आणि शनिवारी दुपारी आइल ऑफ वाइटलगतच्या सोलेंटसारख्या पाण्यात शेकडो याटचे त्रिकोण झाले की ती वापरायचा मोह अधिकाऱ्याला झाला तर नवल नाही. आपण संदेश सोडतोय म्हणून आपल्याला कुणी पाहतंय, असं धरून चालू नये. चांगला परावर्तक आणि उजळ दिवे यांची गरज क्लास बीनं संपलेली नाही.

यंत्राच्या आकड्यावर विसंबण्याचं ठळक उदाहरण त्याआधीचं आहे, आणि ते रडारचं आहे. २८ मे २००३ रोजी इंग्लिश खाडीत दाट धुकं होतं. ‘पी अँड ओ नेडलॉइड वेस्पुची’ हे कंटेनर जहाज त्या धुक्यात २५ नॉटनं चाललं होतं. ‘वाकुना’ ही याट समोर होती. दोघांनीही एकमेकांना रडारवर पाहिलं होतं. जहाजाच्या कप्तानाला त्याच्या यंत्रानं सांगितलं की आपण थोडक्यात पण बाजूनं जाऊ, आणि ते थोडकं अंतर त्यानं चालवून घेतलं. याटच्या स्किपरला रडारवरून नीट अंदाज आला नाही, शिवाय धुक्यात कुणाला कुणी वाट द्यायची याबद्दल त्याचा गैरसमज होता. त्यानं वेग कमी केला, याट जवळजवळ थांबली, आणि जिथे थांबली तिथेच जहाज आलं. याटवरच्या पाचही जणांना जीवरक्षक तराफ्यातून सोडवलं गेलं. धडक बसली हे जहाजावर कुणाला कळलंच नव्हतं. धुक्यात शीड आणि इंजिन हा भेद वाट देण्यापुरता उरत नाही. ज्याला दुसरा फक्त रडारवर दिसतो त्या प्रत्येकानं वेळेवर हालचाल करायची असते. या प्रकरणातलं सगळं, आकड्यावरचा फाजील विश्वास, थोड्या अंतराला दिलेली मान्यता, उशीर, एआयएसच्या पडद्यासमोर जसंच्या तसं पुन्हा होऊ शकतं.

जहाजाचं नाव कळू लागल्यापासून एक नवी सवयही लागली आहे: रेडिओ उचलायचा. पूर्वी ‘माझ्या डावीकडच्या जहाजा’ अशी मोघम हाक मारली तर चार जहाजं उत्तर द्यायची किंवा एकही नाही. आता नावानं हाक मारता येते. ‘तुम्ही मला पाहिलंय का?’ एवढं विचारणं वेगळं. पण ‘तुम्ही माझ्या मागून जा, मी पुढून जातो’ असे रेडिओवरचे करार नियमांच्या विरुद्ध जाऊ शकतात, आणि बोलण्यात जी तीन-चार मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत. ब्रिटनच्या सागरी यंत्रणेनं टक्कर टाळण्यासाठी व्हीएचएफ वापरण्याविरुद्ध जहाजांना लेखी ताकीद दिलेली आहे. मोठ्या जहाजाला लहान होडी रेडिओवर काय पटवणार, हा प्रश्न आहेच.

पडद्यावर जे दिसत नाही त्याची यादीही लांब आहे. युद्धनौकांना एआयएस बंद ठेवायची मुभा आहे. छोट्या मच्छीमार बोटींना ते बहुतेक ठिकाणी सक्तीचं नाही, आणि चांगली मासळी लागलेली जागा लपवायला काहीजण ते बंदही करतात. याच सामुद्रधुनीतून निर्वासितांना कोंबलेल्या रबरी बोटी रात्री जातात. त्यांच्यावर दिवाही नसतो. क्लास ए जहाज ‘नांगरलेलं’, ‘चालू’ अशी जी अवस्था कळवतं ती माणसानं हातानं भरलेली असते. त्यामुळे अठरा नॉटनं धावणारं जहाज स्वतःला ‘नांगरलेलं’ म्हणवताना दिसलं तर दचकू नये. वेगाच्या आकड्यावर विश्वास ठेवावा, शब्दावर नाही. आणि उपग्रहाचे संकेत कुणी मुद्दाम बिघडवले, जसं अलीकडे बाल्टिक आणि काळ्या समुद्रात वारंवार होतं, तर सगळं चित्रच सरकतं. मोबाइलवरच्या नकाशांत दिसणारी जहाजं हे तर आणखी वेगळं प्रकरण. ती माहिती किनाऱ्यावरच्या केंद्रांमार्फत इंटरनेटवर येते, कधी काही मिनिटं उशिरानं. इंग्लिश खाडी पोहणाऱ्या मुलीची सोबतची बोट कुठवर पोचली हे पुण्यात घरी बसून पाहायला ती छान आहेत. पट्टा ओलांडताना ती उघडू नयेत.

ज्यांनी डोव्हर-कॅले बऱ्याचदा केलं आहे त्यांची तयारी यंत्रापेक्षा वेळापत्रकाची असते. दिवसाउजेडी, दृश्यमानता चांगली असताना, प्रवाह कधी कुठे वळणार ते बघून. डोव्हर कोस्टगार्ड दर तासाला ११ क्रमांकाच्या वाहिनीवर धुकं, बंद पडलेली जहाजं, नियम मोडून चाललेली जहाजं यांची खबर देतं. ती ऐकून मगच निघायचं. धोक्याचा गजर अर्ध्या मैलाच्या सीपीएवर लावला तर इथे तो थांबायचं नाव घेत नाही, मग कोणीतरी वैतागून तो बंद करतो. त्यापेक्षा एकाला फक्त पडद्यावर आणि एकाला फक्त बाहेर बघायला बसवणं बरं. बाहेर बघणाऱ्याच्या हातात होकायंत्र. पडदा ज्याला ‘धोका’ म्हणतो त्या जहाजाची दिशा तो डोळ्यांनी तपासतो. दोघांचं जमलं नाही तर जे वाईट असेल ते खरं धरतात. आणि फेरीबोटींकडे वेगळं लक्ष. त्या पट्ट्यांना आडव्या, म्हणजे आपल्याच दिशेनं किंवा समोरून वीसेक नॉटनं येतात, आणि एका पट्ट्याकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला मागून येणारी फेरी सगळ्यांत शेवटी दिसते.

आपल्याकडे मुंबई-गोवा किंवा मुंबई-रत्नागिरी याट घेऊन जाणाऱ्यांपुढे डोव्हरसारखे गर्दीचे पट्टे येत नाहीत. मोठी जहाजं बरीच बाहेरून जातात. ऑगस्ट २०२० पासून नौवहन महासंचालनालयानं नैर्ऋत्य भारताच्या पाण्यात व्यापारी जहाजांच्या वाटा मच्छीमारांपासून वेगळ्या आखून दिल्या आहेत. गर्दी होते ती बंदराच्या तोंडाशी. मुंबईच्या तोंडाशी ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही दोन मोठी जहाजं एकमेकांवर आदळली. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत गेलं, बंदरं काही दिवस बंद राहिली. दोन्ही जहाजं एआयएस सक्तीचं असलेल्या वर्गातली होती. तिथून बाहेर पडून कोकणच्या बाजूनं दक्षिणेला निघालं की प्रश्न बदलतो. किनाऱ्यावरच्या दीपगृहांमध्ये २०१२ पासून एआयएसची राष्ट्रीय साखळी आहे. पण वीस मीटरपेक्षा लहान मच्छीमार बोटींपैकी कित्येक तिला दिसत नाहीत, आणि जाळ्यांच्या तरंगत्या खुणा तर कुठल्याच पडद्यावर येत नाहीत. जयगड किंवा मुरगावच्या तोंडाशी कोळसा आणि खनिजाच्या जहाजांचे त्रिकोण प्लॉटरवर दिसतात. त्यांच्यामधल्या अंधारात दिसणारा पिवळट बल्ब ट्रॉलरचा आहे की जाळं सोडून बसलेल्या होडीचा, हे रात्री डेकवर बसलेल्यालाच ओळखावं लागतं.